ग्लासगोचा पाऊस, मुंबईचा घाम

पावसाळी जॅकेटच्या ऑनलाइन जाहिरातीत एक आकडा हमखास असतो : १०,००० मिमी. हा पावसाचा आकडा नव्हे. कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी तितक्या दाबापर्यंत पाणी आत झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. स्पेसिफिकेशन वाचणं हा रोजचा उद्योग, त्यामुळे एक खोड लागलीय : आकडा दिसला की तो नेमका कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल गप्प आहे, हे बघायचं. हा आकडा घामाबद्दल गप्प आहे. का, ते शोधायला दोनशे वर्षं मागे, थेट ग्लासगोला जावं लागतं.

१८२३ साली तिथल्या चार्ल्स मॅकिंटॉशने जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. दगडी कोळशापासून गॅस बनवताना डांबर उरायचं, आणि डांबरापासून नॅफ्था मिळायचा. नॅफ्थ्यात रबर विरघळतं. मॅकिंटॉशने ते द्रावण कापडाच्या दोन थरांमध्ये भरलं आणि थर एकमेकांवर दाबले. रबराचं सँडविचच म्हणा. पाणी अडलं, पण कोट उन्हात चिकट व्हायचा, थंडीत ताठ व्हायचा आणि त्याला वास यायचा. शिंप्याच्या सुईने पडलेल्या भोकांतून पाणी आत शिरायचं ते वेगळंच. रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करायची पद्धत १८४४च्या सुमारास आली. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी तिची पेटंटं घेतली आणि चिकटपणाचा प्रश्न मिटला. घामाचा मात्र तसाच राहिला. जे कापड पाणी आत येऊ देत नाही, ते वाफ बाहेरही जाऊ देत नाही.

यावर पहिला देखणा तोडगा काढला थॉमस बर्बेरीने, १८७९ साली. आख्ख्या कापडाला लेप द्यायचा नाही. सूत आधी जलरोधक करायचं आणि मग घट्ट विणायचं. हे गॅबर्डीन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अंगावर त्याचे ट्रेंच कोट आले. युद्ध संपलं, पण खांद्यावरच्या पट्ट्या आणि कंबरेचा बेल्ट तसाच राहिला. पुढे हॉलिवुडने तो कोट नायकांना घातला आणि ‘पावसात स्टायलिश दिसणं’ म्हणजे काय, याचं चित्र जगभर पक्कं झालं.

आपल्याकडे १९२० साली सुरेंद्र मोहन बोस यांनी कलकत्त्यात बेंगाल वॉटरप्रूफ सुरू केली. तिचा ‘डकबॅक’ रेनकोट कित्येक घरांत पोचला. नाव बदकाच्या पाठीवरून, जिच्यावर पाणी ठरत नाही. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) राज कपूर आणि नर्गिस एका छत्रीत चालतात, त्या गाण्यात रेनकोट घातलेली तीन मुलंही दिसतात. ती राज कपूरचीच मुलं. म्हणजे तोवर रेनकोट हा शहरी पावसाच्या चित्राचा भाग झाला होता. पुढे रबराची जागा प्लॅस्टिकने घेतली. कोट हलका झाला, स्वस्त झाला. तत्त्व मात्र मॅकिंटॉशचंच राहिलं.

अडचण इथेच आहे. ग्लासगोत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दुप्पट मुंबईत चार महिन्यांत पडतो. पण खरा फरक तापमानाचा. घामाची वाफ अंगापासून दूर जाते ती बाष्पदाबाच्या फरकामुळे. ३४ अंशाच्या घामेजल्या त्वचेपाशी हा दाब साधारण ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर १० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत तो १.१च्या आसपास. फरक चारच्या वर, वाफ झपाट्याने निघते. आता जुलैतली मुंबई घ्या : २८ अंश, आर्द्रता तीच. हवेतला दाब ३.४. फरक उरतो दोनपेक्षाही कमी.

१९६९ साली बॉब गोरने टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. ती छिद्रं थेंबाला फार लहान, पण वाफेला पुरेशी. त्यातून गोअर-टेक्स आलं. तोही पडदा चालतो याच फरकावर. म्हणजे थंड देशात ‘श्वास घेणारं’ महागडं जॅकेट दादरच्या पुलावर धापा टाकतं. त्यात बिघाड काहीच नाही; त्याला वाफ बाहेर ढकलायला लागणारा जोरच इथल्या हवेत मिळत नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे आधीपासून होतं. इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रुंद पानांचं आच्छादन, आकार उलट्या होडीसारखा. डोक्यावरून पाठीवर सोडायचं आणि वाकून भाताची लावणी करायची. त्याची खुबी अशी, की ते अंगाला चिकटत नाही. पाठ आणि इरलं यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पडद्यातून वाफ ढकलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण बाजू उघड्या आहेत. घोंगडीची किंवा गोणपाटाची खोळही अशीच, डोक्यावरून पाठीवर सोडलेली आणि पुढून मोकळी. अर्थात इरलं घालून कुणी लोकलमध्ये चढू शकत नाही. पण शहरात आपण फक्त ती वस्तू सोडली नाही, तिच्यामागचा विचारही ‘गावठी’ म्हणून सोडून दिला आणि अंगाला चिकटणाऱ्या कोटाला नीटनेटकं म्हणू लागलो.

पायांचंही तेच. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चिखलाच्या शेतात उत्तम. मुंबईत पाणी एकदा बुटाच्या वर गेलं की त्याची बादली होते. इथे लोकांनी वेगळं उत्तर निवडलं : प्लॅस्टिकची सँडल. पाणी येतं, पाणी जातं, फडक्याने पुसली की कोरडी. २००२ साली फ्लोरिडातल्या एका बोट शोमध्ये भोकांचे क्रॉक्स दाखवले गेले, ते मुळात नावेवर घालायचे बूट म्हणून. भोकांतून पाणी निघून जातं, ही तीच कल्पना. ती शंभर-दोनशेच्या सँडलमध्ये आली तेव्हा ‘पावसाळी चप्पल’ होती, चार हजारांत आली तेव्हा फॅशन झाली.

उघड्या पायांची एक खरी जोखीम आहे, ती लपवायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावली. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात सँडल नको, बंद बूटच हवेत. पण चामड्याचे फॉर्मल बूट या दोन्ही कामांचे नाहीत. ते पाणी अडवत नाहीत, सोडत नाहीत आणि दोन दिवस वाळत नाहीत.

तरीही नियम त्यांच्याच बाजूने असतात. मी आधी काम करत होतो त्या ऑफिसात जून ते सप्टेंबरही बंद फॉर्मल बूट सक्तीचे होते. आम्ही इंजिनिअर सँडल घालून यायचो आणि डेस्कखाली ठेवलेले कोरडे बूट चढवायचो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांना डेस्क नव्हतं. ते सकाळी सात वाजता ओले झालेले काळे बूट संध्याकाळी सातपर्यंत पायात ठेवायचे. लिफ्टमध्ये आमच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, की नियम बरोबर चाललाय.

बाजारात आता बरं काही मिळतं : काखेत चेन असलेली, पाठीला झडप असलेली जॅकेटं, सैल पोंचो, झटकन वाळणाऱ्या पँट. यंदा काही घेणार असाल तर मिलिमीटरचा आकडा दुसऱ्यांदा बघा. आधी हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, ते बघा. बुटांत पाणी कुठून निघतं, ते बघा. आणि ऑफिसात तुमच्या शब्दाला थोडंफार वजन असेल, तर पावसाळ्यापुरतं सगळ्यांना, गेटवरच्या माणसालाही, सँडल चालतील एवढं लिहून घ्या. नियमावलीतली एक ओळ बदलायला कुठलंही नवं पॉलिमर शोधावं लागत नाही.