मागणी-समीकरणाचे शेतकुळ

मालाची विक्री किती होईल हे आधीच अजमावण्यासाठी व्यवस्थापकीय अर्थशास्त्रात जे मागणी-समीकरण शिकवले जाते, त्यात वस्तूची किंमत, ग्राहकांचे उत्पन्न, पर्यायी वस्तूंचे भाव आणि जाहिरातखर्च या प्रत्येकाला एक गुणक असतो. तो घटक एका एककाने बदलला तर विक्री किती हलेल, हे तो गुणक सांगतो. हे समीकरण कारखान्यात जन्मले असावे आणि नाशिकमध्ये त्याचे घर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत असावे, असे सहज वाटते. परंतु त्याचे कूळ धान्याच्या टंचाईत आहे आणि त्याची जवळची सोयरीक लासलगावच्या कांद्याशी आहे.

चार्ल्स डॅव्हनंटच्या 1699 च्या ग्रंथात एक लहानसा तक्ता येतो. पीक एक दशांशाने घटले तर धान्याचा भाव नेहमीपेक्षा तीन दशांशांनी चढतो, दोन दशांशांनी घटले तर आठ दशांशांनी, आणि पीक निम्म्यावर आले तर भाव साडेपाचपट होतो, असे त्यात मांडले आहे. पुढे हा तक्ता ‘ग्रेगरी किंगचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला, कारण डॅव्हनंटने किंगच्या हस्तलिखितांतून पुष्कळ आकडे घेतले होते. तक्ता नेमका कोणाचा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तरीही इतरत्र किंगचे ऋण मोकळेपणाने मानणाऱ्या लेखकाने तो किंगचे नाव न घेता छापला असल्याने श्रेयाचे पारडे डॅव्हनंटकडे झुकते.

समीकरणाच्या जनकत्वाचा मान कूर्नोला देणारा एक पक्ष आहे. 1838 मध्ये त्याने मागणी ही किमतीवर अवलंबून असते हे गणिती रूपात लिहिले, हे खरे. पण त्या रूपात एकही प्रत्यक्ष आकडा नव्हता, आणि आकड्यांवाचून अंदाज बांधता येत नाही. जेव्हन्सने 1871 मध्ये त्याच जुन्या तक्त्याला सूत्र बसवले: नेहमीचे पीक 1 मानून, प्रत्यक्ष पिकातून 0.12 वजा करायचे, उरलेल्याचा वर्ग करायचा आणि त्याने 0.824 ला भागायचे, की भाव मिळतो. येथे पीक आधी ठरलेले असते आणि भाव त्यामागून येतो, तर कारखान्यात व्यवस्थापक किंमत ठरवतो आणि विक्री मागून येते. समीकरणाची ही उलटापालट त्याच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित घटना मानावी लागेल.

हेन्री मूरने 1914 मध्ये कच्च्या लोखंडाची मागणी मोजली, तेव्हा किमतीबरोबर मागणीही वाढताना दिसली. तेजी-मंदीत उद्योगांची मागणीच सरकत होती, म्हणून रेषा चढती आली. होलब्रूक वर्किंगने 1922 मध्ये बटाट्याचे भाव अभ्यासले होते. त्याचा भाऊ एल्मर याने 1927 मध्ये उलगडा केला, की पुरवठा हलत असेल आणि मागणी स्थिर असेल तरच आकड्यांतून मागणीची रेषा उमटते. पाऊस पुरवठा हलवतो, ताटातली गरज मात्र फारशी बदलत नाही. हे समीकरण शेतमालावर आधी जमले ते यामुळेच. रूस आणि झेलिस्की यांनी 1939 मध्ये जनरल मोटर्ससाठी मोटारींच्या मागणीचा अभ्यास केला, तेव्हा रस्त्यावर आधीच असलेल्या मोटारींचा साठाही हिशेबात धरला. जोएल डीनच्या 1951 च्या पाठ्यपुस्तकानंतर ही रीत व्यवस्थापनाच्या वर्गांत रुळली.

साठ्याचा हाच मुद्दा लासलगावी कळीचा ठरतो. तेथील बाजार समिती 1947 ची. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चाळीत दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो, त्यामुळे रोजची आवक पिकावर जितकी, तितकीच शेतकऱ्याच्या भावाच्या अपेक्षेवर ठरते. भाव आवक ठरवतो आणि आवक भाव ठरवते. म्हणून जेव्हन्सचे सूत्र येथे जसेच्या तसे लावले तर अंदाज चुकतो, आणि चाळीतल्या साठ्याला वेगळे पद द्यावे लागते. निर्यातबंदीसाठी आणखी एक पद लागते, बंदी असेल तर 1 आणि नसेल तर 0. डिसेंबर 2023 पासूनच्या महिन्यांसाठी ते 1 धरता येते. पण मे 2024 मध्ये बंदी उठली तेव्हा टनामागे 550 डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के निर्यातशुल्क लागू होते, म्हणून त्या काळात नुसते 0 लिहून भागत नाही, शुल्काचा दर स्वतंत्र घटक म्हणून मांडावा लागतो.