रायपूरकडची जाळीची छत्री

रायपूरजवळच्या चरोद्याच्या छपरांवरची डिश आज आग्नेयेकडे, जवळपास ६० अंश वर पाहते. दूरदर्शनची मोफत डिशसेवा देणारा जीसॅट-१५ तिकडे आहे. पन्नास वर्षांपूर्वी मात्र सगळी मदार पश्चिमेवर होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचला. ‘साइट’ नावाच्या त्या प्रयोगात रायपूरचा परिसरही होता.

तेव्हाची डिशची छत्री होती १० फूट व्यासाची, चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची! ८६० मेगाहर्ट्‌झच्या लहरी इतक्या लांब, की जाळीची भोकं त्यांना जाणवतच नसत. वारा आरपार जाई, वजनही कमी. पण क्षीण संदेश गोळा करायला घेर मोठाच लागे. उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे इथून क्षितिजाच्या जेमतेम ३० अंश वर. त्यामुळे पश्चिमेकडचं उंच झाड आड आलं, की चित्राची वाट लागलीच.

आताचा उपग्रह बराच वर असल्यानं हातभर डिशला झाडं फारशी आड येत नाहीत. तिला नडतो पाऊस: केयू बँडच्या आखूड लहरी थेंबांतच जिरतात. सरी ओसरल्यावरही चित्र फुटत असेल, तर आधी नट आवळावेत, केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते पाहावं. सेट-टॉप बॉक्सला उगाच बोल लावू नये.