खाजकुइलीचे बी आणि कंपवाताचा उतारा

नुंगंबाक्कमच्या आम्हां मराठी मंडळींस चेपॉक म्हटले की क्रिकेटचे मैदान आठवते. परंतु त्याच चेपॉकमध्ये, मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत, 1937 साली झालेले एक संशोधन या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदवून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून ‘डोपा’ हे अमिनो आम्ल शुद्ध रूपात वेगळे केले. जिच्या शेंगेवरील कुसे लागताच अंगाला असह्य खाज सुटते आणि वैद्य जिला कपिकच्छू म्हणतात, तीच ही रानवेल.

या द्रव्याचे मेंदूशी काय नाते आहे, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा होण्यास दुसरी भारतीय वनस्पती कारणीभूत झाली. सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली जगापुढे मांडला. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल झाले. डोपा टोचताच पुन्हा हिंडूफिरू लागले. रेसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो व डोपाने तो पुन्हा भरतो, हे त्यांनी दाखविले.

डोपामिन हा मज्जापेशींमधील निरोप्या होय. पेशीच्या आवरणातील रिसेप्टर त्याला ओळखतात आणि निरोप आत पोचवितात. निरोप्याच नसला, तर रिसेप्टर असूनही हालचाल अडखळते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हीच उणीव 1960 साली व्हिएन्नात आढळली. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा मात्र शिरतो व तेथे त्याचे डोपामिन बनते. 1967 साली अमेरिकेत कोटझियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रा पोटातून दिल्या आणि जखडलेली माणसे चालू लागली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक लाभले.

मुंबईत अशोक वैद्य, द. एस. अंतरकर, नोशीर वाडिया प्रभृतींनी खाजकुइलीच्या बियांचाच कंपवातावरील उपयोग तपासून 1978 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्थात, बियांतील डोपाचे प्रमाण सारखे नसते. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या घेणे धोक्याचे.

द्रव्य हाती आले 1937 साली. रुग्णाच्या कामी आले तीस वर्षांनी. ज्या संशोधनाचा उपयोग आज दिसत नाही, त्यालाही समाजाने आश्रय का द्यावा, याचे उत्तर आपल्या घरापासून दोन-चार मैलांवरील चेपॉकनेच दिले आहे.