एका झाडाची राखण

अरण्याचा नाश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड आणि वणवा ही दोनच संकटे उभी राहतात. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पाइनवृक्षांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास जो कोणी लिहील, त्याला तिसऱ्याच एका शत्रूचे नाव आधी घ्यावे लागेल. हा शत्रू म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला ‘डेंड्रॉक्टोनस’ हे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ वृक्षहंता.

या वृक्षहंत्याशी झुंजण्यात ज्याने आयुष्य वेचले तो अँड्र्यू डेल्मार हॉपकिन्स १८५७ साली वेस्ट व्हर्जिनियात जन्मला. तो मूळचा शेतकरी. कीटकविद्या शिकला तीही बहुतेक स्वतःच्या डोळ्यांनी. १८९० च्या सुमारास त्याच्या राज्यातील पाइनची रानेच्या राने वाळू लागली, तेव्हा १८९२ मध्ये तो जर्मनीला गेला आणि या भुंगेऱ्यांना खाणारे दुसरे कीटक जिवंत घेऊन परतला. ते त्याने मोठ्या आशेने रानात सोडले. पण त्याच हिवाळ्यात अशी विलक्षण थंडी पडली की, वृक्षहंतेच सालीखाली गोठून मेले! पाहुणे पंगतीला बसले आणि ताटात वाढायला काही उरले नाही. पाहुणे त्या रानात पुढे टिकलेही नाहीत.

हॉपकिन्स खचला नाही. साउथ डकोटातील ‘ब्लॅक हिल्स’ डोंगरांवर तशीच मर सुरू होती. तेथील भुंगेऱ्याचे वर्णन करून १९०२ मध्ये त्याने त्याला शास्त्रीय नाव दिले. याच डोंगरांवर हर्मान फॉन श्रेंक हा वनस्पतिरोगांचा अभ्यासक वेगळेच कोडे सोडवीत होता. मेलेल्या पाइनचे लाकूड निळे का पडते? १९०३ मध्ये त्याने या निळ्या लाकडाविषयी प्रबंध प्रसिद्ध केला. ती निळाई बुरशीची होती.

एकाने कीटक पाहिला, दुसऱ्याने बुरशी. दोघांची जोडी कशी जुळते हे उमगायला पुढे बराच काळ जावा लागला. मादी सालीला भोक पाडून आत शिरते. झाड निमूटपणे मरत नाही. ते राळ ओतून शत्रूला बुडवू पाहते. पण मादी एक गंध सोडते आणि त्या हाकेसरशी शेकडो भुंगेरे त्याच झाडावर तुटून पडतात. त्यांच्या मुखाजवळील सूक्ष्म खोबणीत बुरशीचे बीजाणू असतात. अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात, बुरशी लाकडात शिरून पाण्याच्या वाटा बुजवते, आणि ती बुरशीच पुन्हा भुंगेऱ्यांच्या पिलांचे अन्न होते. झाडाच्या मरणात कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

हॉपकिन्सचा उपाय साधा होता. भुंगेरे उडण्यापूर्वी लागण झालेले झाड पाडावे आणि साल सोलावी किंवा जाळावी. म्हणजे रोगी वाचत नसे. वाचला तर शेजारी. आणि साथ मोठी झाली की तेवढेही हाती राहत नाही. १९९० नंतर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हिवाळे सौम्य झाले, अळ्यांना मारणारी कडक थंडी पडेनाशी झाली, आणि सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर रानाला या किड्याची झळ लागली. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक एवढा हा प्रदेश! तेथे कोण कोणाची साल सोलणार?

मग माणूस एकेका झाडाकडे वळला. उन्हाळ्यात भुंगेरे उडण्याआधी खोडावर औषध फवारायचे. किंवा ‘व्हर्बेनोन’ची पुडी खोडाला ठोकायची, तिचा गंध भुंगेऱ्यांना सांगतो, ‘येथे जागा भरली, पुढे चला.’ खोडात औषध टोचण्याचीही रीत आहे. पण ते कीटकाला मारते, आत शिरलेल्या बुरशीला नव्हे. म्हणून जोडीला बुरशीनाशक टोचण्याचे प्रयोग झाले. हे सारे आधी करायचे. झाड आतून पोखरल्यावर कोणतेच औषध त्याला परत आणीत नाही.

एकेका झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाचक विचारील. त्याचे उत्तर रॉकी पर्वताच्या उंच कड्यांवर ‘व्हाइटबार्क’ पाइनपाशी मिळते. १९१० च्या सुमारास फ्रान्सहून आलेल्या रोपांबरोबर तांबेऱ्याची एक निराळीच बुरशी तेथे पोचली आणि तिने ही झाडे मारली. पण काही थोडी झाडे तिला पुरून उरली. त्यांचे बी म्हणजे त्या जातीची उद्याची आशा, आणि भुंगेरा नेमका अशा थोराड झाडांवरच उतरतो. म्हणून वनखात्याची माणसे डोंगर चढून त्या निवडक खोडांना पुड्या ठोकतात. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने ही जात संकटग्रस्तांच्या यादीत घातली.

पुडीचा गंध एका उन्हाळ्यापुरताच पुरतो. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडापाशी जावे लागते. त्याच्या बियांतून उगवलेले रोप भरघोस फळायला कित्येक दशके लागतात. तोवर पुडी ठोकणारा बहुधा हयात नसेल. हे त्याला ठाऊक असते, आणि तरी बर्फ वितळले की तो पिशवी खांद्याला लावून निघतो.