तेरा मतांचे विधेयक

जिते हे पेण तालुक्यातले, पनवेल–रोहा रेल्वेमार्गावरचे गाव. शंभर वर्षांपूर्वी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. भातशेती, खाडीकाठची मिठागरे आणि लावणी-कापणीला मोठ्यांबरोबर राबणारी पोरे. अशा पोरांना सक्तीने शिकवण्याचा कायदा केंद्रीय कायदेमंडळात मागितला तो कोकणातच जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी.

१६ मार्च १९११ रोजी मांडलेल्या त्या विधेयकातली मागणी बेताची होती. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, तीही नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने मनावर घेतली तरच. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या आईबापांना फी माफ. एवढेही सरकारला जड वाटले आणि जमीनदारांना शेतावरचे राबते हात जाण्याची धास्ती पडली. जिना आणि मदनमोहन मालवीय मात्र गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले.

विधेयक आज पडणार, हे गोखल्यांनी सभागृहातच सांगितले. तरी ते मागे घेतले नाही. १९ मार्च १९१२ रोजी ते प्रवर समितीकडे पाठवण्याच्या ठरावाला १३ मते मिळाली, विरोधात ३८. हरणार हे ठाऊक असूनही प्रत्येक सभासदाला हात वर करायला लावणे, हेच खरे नेतृत्व. गावच्या शाळेचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न त्यानंतर सरकारला टाळता आला नाही.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात कायदा करून घेतला, पण तो नगरपालिकांपुरता. खेडी बाहेरच राहिली. १९२३ साली शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांनी जिल्हा लोकल बोर्डांनाही कायद्यात आणले. सक्तीची घाई मात्र बोर्डांनी केली नाही.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर करून घेतला. तरीही २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव करणाऱ्यांइतकीच तो अमलात आणणाऱ्यांच्या धैर्याची गरज होती, आणि तिथेच सारे अडले.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत हवी, असे राज्याचे नियम सांगतात. पण पावसाळा सरला की पेण तालुक्यातल्या डोंगरवाड्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. २०२३ साली राज्य सरकारने कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. मत मागायला येणाऱ्या आमदाराला विचारा, वाडीवरची शाळा टिकावी म्हणून सभागृहात तुम्ही कधी उभे राहिलात?