धोत्र्याच्या धुरापासून पंपापर्यंत



आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कंदिलाखाली नव्हे तर चाळीसच्या दिव्याखाली, कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. मग औषधाच्या इतिहासावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, या विषयातील अज्ञानाची किंमत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सोबती साखर कारखान्यात बगॅसच्या ढिगावर काम करी. त्याला दमा होता. खिशातला पंप तो भाकरीच्या फडक्यात लपवून आणी, कारण तो कुणाला दिसला तर पुढच्या हंगामाला नाव निघेल ही भीती. आणि त्याला 'पंपाची सवय लावून घेऊ नकोस, एकदा लागला की सुटत नाही' असे सांगणारे दुसरे तिसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो. एका रात्रपाळीला त्याची धाप थांबेना. गाडी मिळाली, माणूस वाचला. पण आमचा उपदेश आमच्याच घशात अडकला. त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचावयास घेतला.

औषध फुफ्फुसात ओढून घेण्याची कल्पना परकी नव्हे. चरकसंहितेत तमक श्वासाचे वर्णन आहे आणि श्वासरोगावर औषधी धूर घेण्याचे उपायही आहेत. आपल्या बांधावर उगवणारा धोत्रा लोक दम्यासाठी चिलमीतून ओढीत. १८०२ च्या सुमारास मद्रासमधील जेम्स अँडरसन या डॉक्टराने हा उपाय जनरल जेंट यांस सांगितला, आणि त्यांच्याबरोबर तो एडिंबरोला पोचला. पुढे युरोपात धोत्र्याच्या विड्या औषध म्हणून दुकानांत विकल्या जात. धोत्रा हे विष आहे, तो कोणी ओढू नये, हे येथेच सांगून ठेवतो. पण त्या धुराने छाती मोकळी का होई, हे शंभर वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.

उत्तराची पहिली पायरी १९०५ साली सापडली. केंब्रिजचे लँग्ली हे निकोटीन आणि क्युरारे या दोन पदार्थांचा स्नायूवर काय परिणाम होतो ते पाहत होते. एकाने स्नायू आखडे, दुसऱ्याने ते आखडणे थांबे. त्यांनी अनुमान केले की, पेशीत औषध धरून ठेवणारे काहीतरी असले पाहिजे. जर्मनीत पॉल एर्लिख यांनीही याच काळात असाच विचार मांडला. त्या 'काहीतरी'ला आज रिसेप्टर म्हणतात. मराठीत 'ग्राही' म्हणजे ग्रहण करणारा.

कुलपाची उपमा घ्या. ग्राही हे कुलूप, औषध ही किल्ली. जी किल्ली बसते आणि फिरते, ते उद्दीपक औषध. जी बसते पण फिरत नाही आणि दुसऱ्या किल्लीचीही वाट अडवते, ते रोधक. धोत्र्यातील ॲट्रोपीन हे रोधक आहे. श्वासनलिका आवळण्याचा जो निरोप मज्जातंतूंकडून येतो, त्याचे कुलूप ते अडवून धरते. त्याच ॲट्रोपीनच्या रचनेवरून पुढे इप्राट्रोपियम तयार झाले, आणि ते आजही श्वासातून दिले जाते. आपल्या बांधावरच्या झाडाचे हे लांबचे नातवंडच म्हणायचे!

दुसरी वाट उद्दीपकाची. १९०१ साली जपानी शास्त्रज्ञ ताकामिने यांनी ॲड्रेनॅलीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याने श्वासनलिका सैल होई, पण काळीजही धडधडे. असे का? १९४८ साली अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी दाखविले की, ॲड्रेनॅलीनची कुलपे एका जातीची नाहीत, आल्फा आणि बीटा अशा दोन जातींची आहेत. त्यांचा निबंध पहिल्या नियतकालिकाने परत पाठविला आणि छापून आल्यावरही बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६७ साली लँड्स यांनी बीटाचेही दोन पोटभेद सांगितले : पहिला मुख्यतः हृदयात, दुसरा श्वासनलिकांत. मग दुसऱ्यालाच अधिक लागू पडणारी किल्ली का घडवू नये? ती इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. तेच साल्ब्युटामॉल, १९६९ साली ते बाजारात आले. हे जॅक कोळसा खाणीतल्या मजुराचे चिरंजीव. आम्हांला या गोष्टीचा अभिमान वाटला, तर तो क्षम्य समजावा.

हातातला पंप त्याआधीच, १९५६ साली आला होता. तोवर काचेची रबरी फुगा लावलेली फवारणी वापरीत, ती फुटे. अमेरिकेत रायकर कंपनीच्या जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले की, केसांच्या फवाऱ्यासारख्या डब्यात हे औषध का भरत नाहीत? त्या प्रश्नातून मोजून मात्रा देणारा पंप जन्मला. आपल्याकडे १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने १९७० च्या दशकात असे पंप काढले.

आता 'सवयी'चा हिशोब पाहू. साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचे औषध! गोळी पोटातून सर्व अंगभर हिंडते, पंप नेमका दुखणाऱ्या जागी जातो. भिऊन पंप टाकायचा आणि गोळी गिळायची, म्हणजे शेजारच्या वाफ्यासाठी अख्खे शेत बुडविणे होय.

पण दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढली, आणि अनेकांनी त्याचा संबंध आयसोप्रिनॅलीनच्या जोरदार पंपाशी लावला. कारण सैल करणारे औषध नलिकेचा स्नायू सैल करते, आतली सूज कमी करीत नाही. सूज उतरविणारे बेक्लोमेथॅसोन श्वासातून १९७२ पासून मिळू लागले. २०१९ साली दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले गेले की, मोठ्या माणसांना व किशोरांना नुसत्या तात्पुरत्या सैल करणाऱ्या पंपावर ठेवू नये. ऊसतोड कामगारांना हे आम्ही एका वाक्यात सांगतो : उचल घेऊन हंगाम सुरू होतो, कर्ज फिटत नाही. आमचा सोबती वर्षभर उचलीवरच श्वास घेत होता.

आणखी एक गोष्ट पंपाने सुटत नाही, ती धुळीची. बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिस आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस या दोन्हींची नावे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात घातली गेली होती. बगॅसोसिस हा दमाच नव्हे; तो फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांचा आजार. तेथे सैल करणारी किल्ली चालत नाही. तेथे धुळीपासून माणूस दूर करणे किंवा माणसापासून धूळ दूर करणे, हाच उपाय. ढीग ओला ठेवणे, योग्य मुखवटा देणे, खोकणाऱ्याला दुसऱ्या खात्यात घेणे, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.

तेव्हा शिरोळकर मंडळींना आमचे मागणे थोडके आहे. घरात कोणाला पंप असेल तर डॉक्टरांना विचारा : हा सैल करणारा की सूज उतरविणारा? ओढायचा कसा, ते त्यांच्यासमोर करून दाखवा. सूज उतरविणाऱ्यानंतर चूळ भरा. बरे वाटले म्हणून तो आपल्या मनाने सोडू नका.

आमचा सोबती आज दोन्ही औषधे घेतो आणि ढिगावर नसून गेटवर काम करतो. पंप आता शर्टाच्या खिशात, उघड असतो. तो फडक्यात लपविण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.