कार्टूनपटातील पात्र आणि पार्श्वभूमी

हाताने काढलेल्या कार्टूनपटात पात्र आणि पार्श्वभूमी ही मुळात दोन वेगळी चित्रे असतात. पात्र कुठे उभे करायचे, हा प्रश्न या फारकतीतूनच निर्माण होतो.

विन्सर मॅके यांच्या ‘गर्टी द डायनॉसॉर’मध्ये (१९१४) ही फारकत नव्हती. मागचे डोंगर, तळे, झाड प्रत्येक कागदावर नव्याने गिरवावे लागे आणि ते कंटाळवाणे काम जॉन फिट्झसिमन्स या साहाय्यकाने केले. त्याच सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर (सेलवर) पात्र काढून तो एकाच स्थिर चित्रावर ठेवण्याची युक्ती काढली. मेहनत वाचली, पण दोन पोत जन्माला आले : मागे छटांचे रंगकाम, पुढे शाईची बाह्यरेषा आणि सपाट रंग. कड्यावरचा कोणता दगड आता कोसळणार, हे पोरेसुद्धा आधीच ओळखतात. तो दगड सेलवर असल्याने शेजाऱ्यांपेक्षा वेगळा, सपाट दिसतो!

दोन पोतांच्या या झगड्यावरचा रूढ उपाय म्हणजे पार्श्वभूमीने माघार घेणे. पात्र पूर्ण काळे रंगवले तरी त्याची कृती कळली पाहिजे, ही छायाकृतीची कसोटी. त्यासाठी त्याच्यामागची जागा शांत हवी. ‘बॅम्बी’साठी (१९४२) टायरस वाँग यांनी पाने मोजत न बसता धुकट रंगांतून रान सुचवले, म्हणून हरिण त्यात नेमके उठून दिसते. ‘स्लीपिंग ब्यूटी’त (१९५९) आयव्हिंड अर्ल यांनी उलट केले : जवळची साल आणि दूरचे पान सारख्याच तीक्ष्णतेने रंगवले. पात्रे झाकोळतात, अशी त्या चित्रपटाच्या ॲनिमेटरांची तक्रार होती आणि ती मला रास्त वाटते. नजर राजकन्येवर ठरत नाही. टोकदार, काळी चेटकीण मॅलेफिसंट मात्र त्या गर्दीलाही पुरून उरते.

यूपीए या स्टुडिओच्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ने (१९५०) भिंती आणि जमीनच काढून टाकली. पार्श्वभूमीचा रंग पात्राच्या अंगातूनही वाहतो आणि जेराल्ड या मुलाच्या मनःस्थितीप्रमाणे पालटतो.

दिग्दर्शक चक जोन्स यांनी पात्र आणि पार्श्वभूमी यांची फारकत लपवली नाही, तिचाच विनोद केला. ‘फास्ट अँड फरी-अस’मध्ये (१९४९) कोल्ह्याच्या जातीचा कायोटी कड्यावर बोगद्याचे चित्र रंगवतो. त्याला हवा असलेला रोडरनर पक्षी त्यातून सुसाट निघून जातो. कायोटी मागोमाग धावतो आणि दगडावर आपटतो. पार्श्वभूमी एकासाठी जागा ठरते, दुसऱ्यासाठी नुसता रंग. पुढे ‘डक अमक’मध्ये (१९५३) डॅफी बदक प्रसंगाला साजेसा वेश करून येते, तोवर मागचे दृश्य बदललेले असते, कधी तर मागे निव्वळ पांढरा पडदा उरतो. तरीही त्याचा संताप आणि ऐट यांवरून डॅफी तत्क्षणी ओळखू येते. पात्राला पार्श्वभूमीची गरज किती, हे तपासणारा याहून काटेकोर प्रयोग कार्टूनपटात झालेला नाही, असे माझे मत आहे.